चेक इंजिनचा पिवळा दिवा परत परत येतोय? पार्ट बदलायच्या आधी या क्रमाने तपासा

दर महिन्याला कुणीतरी ओळखीचा मला मीटरचा फोटो पाठवतो, पिवळं इंजिनाचं चित्र पेटलेलं, आणि खाली ठरलेला प्रश्न, "मेकॅनिकने स्कॅनर लावून घालवला होता, आठ दिवसात परत आला, आता कुठला सेन्सर बदलू?" मी विचारतो कोड काय होता, तर माहीत नाही. कोड आला तेव्हा गाडी चढावर होती की सिग्नलला उभी होती, तेही माहीत नाही. सगळं पुसून टाकलेलं असतं आणि मग अंदाजपंचे पार्ट बदलणं सुरू होतं.

मी स्वतः हेच केलंय म्हणून सांगतो. माझी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास, दिवा यायचा, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन आहे, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. एका गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या लाइनमधला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलून दिला, महिन्याभरात परत दिवा, परत तेच. पुढचं खाली येईलच.

हे सगळं बीएस-४ काळातल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे साधारण २०१० ते मार्च २०२० पर्यंतच्या, सीएनजी किट असलेल्याही त्यात धरा. डिझेलचं गणित वेगळं आहे, त्यात ईजीआर, टर्बो वगैरे येतं, त्यासाठी हा क्रम जसाच्या तसा वापरू नका.

आधी जमवायचं सामान

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा, ईएलएम ३२७ प्रकारचा साधा चालतो), मोबाइलवर लाइव्ह डेटा दाखवणारं ॲप, मल्टीमीटर, टॉर्च, प्लग पाना, काँटॅक्ट क्लिनरचा स्प्रे, आणि एक वही. वही हसण्यावारी नेऊ नका, सगळ्यात जास्त तीच उपयोगी पडते. आयफोन असेल तर स्कॅनर घेताना तो आयफोनला चालतो का ते विचारून घ्या, बरेच स्वस्तातले फक्त अँड्रॉइडला जोडले जातात.

ओबीडीचं सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वरच्या बाजूला असतं, १६ पिनचं. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे ओबीडी-२ सक्तीचं झालं. त्याच्या आधीच्या गाड्यांत सॉकेट असलं तरी साधा स्कॅनर दर वेळी बोलेलच असं नाही, तेव्हा कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा, पण वही घेऊन स्वतः जा आणि आकडे उतरवून आणा.

टप्पा १: दिवा कसा पेटलाय ते बघा

चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. पिवळा दिवा पेटला पाहिजे. इंजिन चालू झालं की दोन-चार सेकंदात विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर पेटतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलाय, सेकंडहँड गाडी घेताना हे आवर्जून बघा.

आता महत्त्वाचा फरक. दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी सावकाश चालवत घरी नेता येते, तपासायला वेळ आहे. दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन तिथे जळतंय, अशाने कॅट आतून वितळतो.

सावधान: लुकलुकणारा दिवा घेऊन घाट चढायचा नाही. रेस कमी करा, कडेला घ्या, आणि थेट टप्पा ७ वर या. आणि लाल दिवा असेल, ऑइलचा किंवा टेंपरेचरचा, तर तो विषयच वेगळा, इंजिन लगेच बंद.

टप्पा २: पुसायच्या आधी सगळं लिहून घ्या

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. स्कॅनर लावला की ॲपमध्ये 'क्लिअर' बटण समोरच असतं आणि हात तिथेच जातो. थांबा. कोड पुसला की त्यासोबत फ्रीझ फ्रेम पण जाते.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड पडला त्या क्षणाचा फोटो समजा. त्यात आरपीएम, गाडीचा स्पीड, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, आणि शॉर्ट व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (पेट्रोल किती टक्के वाढवलं-कमी केलं, टप्पा ६ मध्ये येईल) असे आकडे असतात. हे सगळे वहीत उतरवा, स्क्रीनशॉट पण घ्या. मग पेंडिंग कोड बघा, ते वेगळ्या ठिकाणी असतात. बरेच बिघाड दोन वेगवेगळ्या फेऱ्यांत दिसल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कंप्युटर) दिवा लावत नाही, पहिल्या फेरीत दिसलेला पेंडिंगमध्ये जाऊन बसतो.

माझ्या गाडीच्या फ्रीझ फ्रेममध्ये स्पीड ४०च्या आसपास, लोड ८० च्या वर, कूलंट गरम, आणि ट्रिम भरपूर प्लसमध्ये. आठवून बघितलं तर दिवा प्रत्येक वेळी साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटातच आलेला होता! शहरात कधीच नाही. म्हणजे इंजिनला जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच ते कमी पडत होतं. हे दोन मिनिटांत कळलं असतं, पण दोन्ही वेळा गॅरेजमध्ये आधी पुसलं आणि मग विचार केला. सेन्सर बिचारा खरं सांगत होता, आम्ही त्यालाच बदलला.

हे पण लिहा: दिवा आला तेव्हा पाऊस होता का, नुकतंच पेट्रोल भरलं होतं का, सीएनजीवर होती की पेट्रोलवर, एसी चालू होता का, गाडी थंड होती का, आणि गेल्या दोन महिन्यांत कुठलं काम केलंय. शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, कारण एअर फिल्टर बदलताना किंवा थ्रॉटल बॉडी साफ करताना एखादी होस पाइप नीट न बसवलेली असते आणि मग लोक सेन्सर शोधत बसतात.

इथे थांबून बघा: वहीत कोड नंबर, फ्रीझ फ्रेमचे निदान पाच आकडे आणि प्रसंग लिहिलेत? नसतील तर पुढे जाऊ नका. आधीच पुसून झालं असेल तर दिवा परत यायची वाट बघा, दुसरा इलाज नाही.

आणि हो, बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवायचा प्रकार बंद करा. त्याने कोड जातोच, पण ईसीएमने शिकलेलं सगळं जातं, स्लो (रेस न देता उभ्या गाडीतलं इंजिनचं चालणं) बिघडतो, आणि कार स्टिरिओ कोड मागत बसतो तो वेगळाच वैताग.

टप्पा ३: बॅटरी, अर्थिंग आणि कपलर

कंटाळवाणा टप्पा आहे म्हणून सगळे सोडून देतात. जुन्या गाडीत मात्र इथेच बरंच काही सापडतं.

गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर मल्टीमीटर लावा, १२.४ ते १२.७ व्होल्ट पाहिजे. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. याच्या खाली असेल तर आधी बॅटरी-अल्टरनेटर, कारण व्होल्टेज कमी असलं की ईसीएम एकाच वेळी चार-पाच असंबंधित कोड टाकतो. खूप सारे कोड एकदम आले तर चार पार्ट एकदम खराब झाले असं धरू नका, वीज किंवा अर्थिंग बघा.

अर्थिंग तपासायचं असं. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. ०.१ व्होल्टच्या आत ठीक, ०.२ च्या वर असेल तर अर्थिंगची वायर काढून दोन्ही टोकं घासून परत घट्ट बसवा.

मग टॉर्च घेऊन वायरिंग. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आहे त्याचा कपलर काढा, आत पिना हिरव्या पडल्यात का, पिन वाकलीय का, पाणी आहे का. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने हे फार होतं. काँटॅक्ट क्लिनर मारा, वाळू द्या, परत बसवा, टक असा आवाज आला पाहिजे.

उंदीर! पावसाळ्यात गरम बॉनेटखाली उंदीर येऊन बसतात आणि ऑक्सिजन सेन्सरची, इंजेक्टरची वायर कुरतडतात. वायर वरून साबूत दिसते आणि मागच्या बाजूने अर्धी खाल्लेली असते, म्हणून बोट फिरवत जा. अशी वायर सापडली तर नुसती पिळून टेप लावू नका, सोल्डर करा नाहीतर नीट क्रिंप करून श्रिंक स्लीव्ह घाला.

टप्पा ४: कोड वाचायचा कसा

कोड पार्टचं नाव सांगतो असा समज आहे, त्यातून सगळा खर्च होतो. पी०१७१ म्हणजे 'ऑक्सिजन सेन्सर खराब' असं नाही, ऑक्सिजन सेन्सरने पाहिलं की मिश्रण लीन आहे एवढंच. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलत नाही ना आपण.

जुन्या पेट्रोल गाड्यांत नेहमी भेटणारे कोड आणि पुढे कुठे जायचं ते:

पी०१७१ लीन, पी०१७२ रिच (पेट्रोल जास्त): टप्पा ५ आणि ६.
पी०३०० ते पी०३०४, मिसिंग: टप्पा ७. शेवटचा आकडा सिलिंडरचा, ०३०३ म्हणजे तिसरा. ०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, सगळीकडे थोडं थोडं.
पी०१३० ते पी०१४१, ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा हीटर: टप्पा ३ परत एकदा, मग टप्पा ८.
पी०४२०, कॅटची क्षमता कमी: टप्पा ६, ७, ८ सगळं करून मग टप्पा ९.
पी०१२८, इंजिन वेळेत गरम होत नाही: बहुतेक वेळा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला किंवा कुणीतरी काढूनच टाकलेला. 'आपल्याकडे गरमी असते, थर्मोस्टॅट लागत नाही' असं सांगून काढणारे महाभाग आहेत. इंजिन थंड राहिलं की ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज जातं.

दोन-तीन कोड एकत्र असतील तर मिसिंगचा कोड आधी, मग लीन-रिच, मग सेन्सर, कॅट सगळ्यात शेवटी. पहिल्याने दुसरा ओढून आणलेला असतो.

इंग्रजी व्हिडिओ बघून पेट्रोलचं झाकण बदलणारेही भेटतात. अमेरिकेतल्या गाड्या टाकीतून वाफ गळतेय का ते स्वतः तपासतात, म्हणून तिकडे सैल झाकणाने दिवा लागतो. आपल्या बीएस-४ गाड्यांत ती गळती-तपासणी सहसा नसते, तेव्हा झाकण घट्ट लावा आणि पुढे चला.

टप्पा ५: सेन्सर खरं बोलतात का

ट्रिम वाचण्याआधी ईसीएमला मिळणारी माहिती बरोबर आहे का ते बघायचं. सकाळी, गाडी रात्रभर उभी, चावी ऑन, इंजिन बंद. लाइव्ह डेटा उघडा.

कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं पाहिजे, बाहेर जेवढी हवा तेवढं. कूलंट मायनस ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलीय.

मॅप सेन्सर (इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हाच असतो) इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभी गाडी १०३ दाखवत असेल तर मॅप सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयित. मला हा चेक फार आवडतो, फुकट आहे आणि दहा सेकंदांत होतो.

इंजिन चालू करून पूर्ण गरम होऊ द्या, एसी बंद, गाडी उभी. मॅप साधारण ३० ते ४० दिसेल. कूलंट ८० च्या वर जाऊन स्थिर राहिलं पाहिजे, हायवेला परत ६५-७० वर येत असेल तर थर्मोस्टॅट.

टप्पा ६: ट्रिम वाचा, बिघाड हवेत की पेट्रोलमध्ये ते ठरवा

फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीएमने ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवलं किंवा कमी केलं. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज करा. प्लस-मायनस १० च्या आत असेल तर डोकं लावू नका. प्लस २० च्या पुढे गेलं की पी०१७१ यायची वेळ झाली, मायनसमध्ये तेवढं गेलं की पी०१७२.

तीन ठिकाणी नोंद करा: स्लोला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमला, आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस देऊन. शेवटच्यासाठी शेजारी कुणाला तरी बसवा, चालवताना मोबाइल बघायचा नाही.

स्लोला ट्रिम खूप प्लस आणि २५०० ला नॉर्मल, म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. हे मॅफ सेन्सर (आत येणारी हवा थेट मोजणारा) असलेल्या गाड्यांत ठळक दिसतं. मॅप सेन्सरवाल्या गाडीत मात्र गळतीची हवासुद्धा सेन्सरला कळते, म्हणून ट्रिम फार हलत नाही, त्याऐवजी स्लो आरपीएम चढलेला राहतो आणि मॅप ४५-५० दाखवतो. बहुतेक व्हिडिओंत हा फरक सांगत नाहीत आणि मग लोक 'ट्रिम नॉर्मल आहे म्हणजे व्हॅक्यूम लीक नाही' असं धरून चालतात.

गळती शोधायच्या जागा: ब्रेक बूस्टरची होस, पीसीव्हीची होस (इंजिनातली तेलाची वाफ इनटेकला नेणारी, ही तेलाने मऊ होऊन खालच्या बाजूला फाटते), इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, थ्रॉटल बॉडीचा ओ-रिंग, पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) नळी. पर्ज व्हॉल्व्ह वेगळा तपासा, कपलर काढून त्यातून फुंकर मारा, करंट नसताना हवा जाता कामा नये. जात असेल तर तो उघडा अडकलाय, आणि पेट्रोल भरल्या भरल्या गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करत असेल तर हाच.

सावधान: गरम इंजिनवर कार्ब क्लिनर किंवा पेट्रोल फवारून गळती शोधायची जी पद्धत आहे ती करू नका, बॉनेटखाली आग लागते. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, कपलरवर नको, नाहीतर स्मोक मशीन असलेल्या गॅरेजमध्ये जा, धूर जिथून निघेल तिथे गळती.

स्लोला बरं आणि लोड आला की ट्रिम प्लस, म्हणजे पेट्रोल पुरत नाही. फ्युएल पंप, टाकीतला फिल्टर, नाहीतर चोंदलेले इंजेक्टर. माझी गाडी इथे बसली. फ्युएल प्रेशर गेज लावून बघितलं तर स्लोला ठीक, रेस दिली की प्रेशर पडत होतं. टाकीतला फिल्टर काळाकुट्ट, पंप पण दमलेला. दोन्ही बदलले आणि घाट चढताना ट्रिम ६-७ वर राहायला लागला. प्रेशर किती पाहिजे ते गाडीनुसार वेगळं असतं, मॅन्युअलमधला आकडा घ्या. आणि फ्युएल लाइन उघडण्याआधी प्रेशर उतरवा, पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. हे काम घरी करायचं धाडस नसेल तर नका करू, मीही गॅरेजमध्येच केलं.

तिन्हीकडे मायनस असेल तर पेट्रोल जास्त जातंय: गळका इंजेक्टर, चुकीचं तापमान सांगणारा कूलंट सेन्सर, किंवा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह.

आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल थोडं, कारण हल्ली प्रत्येक दिव्याचं खापर त्याच्यावर फुटतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त पेट्रोल सोडावं लागतं, आणि जुन्या ट्यूनिंगच्या गाडीत ट्रिम काही टक्के वर जाणार हे गणितच आहे. एवढ्याने चांगल्या गाडीत दिवा लागायला नको. पण आधीच १५ वर लपून बसलेला बिघाड असेल तर तो आता २० च्या पलीकडे ढकलला जातो. म्हणून 'सगळं पेट्रोलमुळे' म्हणून सोडून देऊ नका, मूळ १५ कुठून आले ते शोधा.

सीएनजी किट असेल तर एक वेगळा चेक: आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा आणि ट्रिम बघा, मग आठवडाभर सीएनजीवर. फक्त सीएनजीवर ट्रिम बिघडत असेल तर पेट्रोलच्या पार्टना हात लावू नका, गॅसचा फिल्टर, रिड्यूसर आणि किटचं ट्यूनिंग लॅपटॉप लावून बघून घ्या. दोन्हींवर बिघडत असेल तर बिघाड इंजिनच्या बाजूला आहे.

इथे थांबून बघा: तिन्ही ठिकाणचे ट्रिम वहीत आहेत, आणि 'हवा' की 'पेट्रोल' की 'काहीच नाही' यातलं एक लिहिलंय.

टप्पा ७: मिसिंग

कोड ०३०३ आहे असं धरू. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर लावा, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसा (आता चालेल, लिहून झालंय) आणि चालवा. कोड ०३०१ झाला तर कॉइल गेली. ०३०३ च राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टरची. एका वेळी एकच गोष्ट हलवायची! तिन्ही एकदम हलवले तर काय बदलल्याने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

प्लग काढताना इंजिन थंड पाहिजे. काढल्यावर बघा: तपकिरी-राखाडी ठीक, काळा कोरडा काजळी म्हणजे रिच, काळा ओला तेलकट म्हणजे तेल वर येतंय, पांढराफटक म्हणजे लीन किंवा जास्त गरम. कॉइलच्या विहिरीत तेल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट बदला, नुसती कॉइल बदलून ती पण परत जाईल. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत स्पार्कला जास्त जोर लागतो, म्हणून थकलेली कॉइल आणि घासलेला प्लग आधी सीएनजीवर मिसिंग मारतात आणि पेट्रोलवर काही कळत नाही.

तीन अदलाबदली करूनही मिसिंग त्याच सिलिंडरला असेल तर काँप्रेशन टेस्ट करून घ्या. व्हॉल्व्ह जळलाय का ते कळेल, आणि तिथून पुढे काम मेकॅनिकचं.

टप्पा ८: सायलेन्सरची लाइन आणि ऑक्सिजन सेन्सर

सेन्सर तपासण्याच्या आधी लाइनची गळती. सेन्सरच्या आधी कुठे भेग असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे. सकाळी थंड गाडी चालू करा, कुणाला तरी जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर अर्धवट झाकायला सांगा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे) टकटक किंवा फुसफुस ऐकू येते का बघा. गॅस्केटजवळ काळी रेघ असेल तर तीच जागा.

सावधान: हे मोकळ्या जागेत करा, बंद पार्किंगमध्ये नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

आता पुढचा सेन्सर, म्हणजे कॅटच्या आधीचा. गरम इंजिन, २५०० आरपीएम, ॲपमध्ये आलेख लावा. साध्या चार वायरच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वर-खाली नाचलं पाहिजे. एकाच जागी चिकटून असेल तर लगेच निकाल देऊ नका. एकदम रेस द्या, ०.८ च्या वर गेला पाहिजे. रेस सोडल्यावर ०.१-०.२ ला आला पाहिजे. जात-येत असेल तर सेन्सर जिवंत आहे आणि मिश्रणच बिघडलेलं आहे, टप्पा ६ ला परत जा. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तो असा नाचत नाही, त्याला हा नियम लावू नका.

हीटरचा कोड (पी०१३५, पी०१४१) असेल तर कपलर काढून एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. थंड असताना काही ओहम दिसले पाहिजेत, साधारण १५-२० च्या आत. सर्किट उघडं दाखवलं तर सेन्सर खरंच गेला. ओहम बरोबर असेल तर फ्यूज आणि वायरिंग.

बदलायचाच असेल तर गाडीच्याच नंबरचा घ्या, वायर कापून जोडायचा 'युनिव्हर्सल' नको. इंजिन कोमट असताना काढा, पूर्ण थंड झालं की आटे धरून बसतात. नव्याच्या टोकाला बोट, ग्रीस, सिलिकॉन काही लावायचं नाही.

टप्पा ९: कॅट, सगळ्यात शेवटी

मागचा सेन्सर २५०० आरपीएमला ०.६-०.७ वर जवळपास स्थिर पाहिजे. तो पुढच्यासारखाच नाचत असेल, लाइनला गळती नसेल, मिसिंग नसेल आणि ट्रिम ठीक असेल, तेव्हाच कॅट संपला असं म्हणायचं. कॅट आपणहून क्वचितच जातो, त्याला काहीतरी मारतं: महिनोन्महिने मिसिंग, तेल जाळणारं इंजिन, आत शिरलेला कूलंट. ते न शोधता नवा बसवला तर तोही जाईल.

दोन 'जुगाड' सुचवले जातील. एक, कॅट आतून फोडून पोकळ करायचा. दोन, मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला धुरापासून लांब ठेवणारा तुकडा) लावायचा. पहिल्याने पीयूसीला अडकाल आणि गाडीत बसल्यावर डोळे चुरचुरतील. दुसऱ्याने दिवा जातो पण धूर तोच राहतो. आणि बदलून घेताना जुना कॅट परत मागून घ्या, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारातही त्याचे चांगले पैसे येतात.

पीयूसीच्या कागदावरचे आकडे इथे कामाला येतात. बीएस-४ पेट्रोलला स्लोवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम ही मर्यादा आहे. एचसी जास्त आणि सीओ बरा असेल तर मिसिंगकडे बघा, सीओ जास्त असेल तर रिच. लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, अगदी बरोबर असेल तर १) मोजून दिला असेल तर तो २५०० आरपीएमच्या आसपास ०.९७ ते १.०३ मध्ये पाहिजे. मात्र टेस्टला जाताना इंजिन नीट गरम करून जा, घराशेजारीच सेंटर असेल तर आधी दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा.

टप्पा १०: पुसा, चालवा, आणि मॉनिटर बघा

दुरुस्ती झाली, आता स्कॅनरने कोड पुसा. दिवा गेला म्हणजे काम झालं असं नाही, ईसीएमने अजून तपासलंच नाहीये. ॲपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' असतात, पुसल्यावर ते 'इनकंप्लीट' होतात, ते पूर्ण होईपर्यंत निकाल लागत नाही.

त्यासाठी: सकाळी थंड स्टार्ट, दोन-तीन मिनिटं स्लोला. मग दहा मिनिटं शहरातलं थांबत-चालत. मग मोकळ्या हायवेला १५-२० मिनिटं ६० ते ८० च्या मध्ये एकसारखी रेस, उगाच पिकअप घेत बसू नका. मध्ये दोन-तीनदा रेस पूर्ण सोडून गिअरमध्येच गाडी हळू होऊ द्या, मागे गाडी नाही ना बघून. असं दोन-तीन दिवस करा. मग ज्या परिस्थितीत दिवा आला होता तीच मुद्दाम आणा. माझ्यासाठी ते म्हणजे खंबाटकी, चार माणसं आणि एसी चालू.

घरी आल्यावर तीन गोष्टी बघा: कॅट आणि ऑक्सिजन सेन्सरचे मॉनिटर पूर्ण, पेंडिंग कोड रिकामे, आणि तिन्ही ठिकाणचे ट्रिम वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहिलेले. पेंडिंगमध्ये तोच कोड बसलेला दिसला तर दिवा यायची वाट बघू नका, फ्रीझ फ्रेम असेल तर ती उतरवून घ्या आणि टप्पा ३ पासून परत सुरू करा. वेगळा कोड असेल तर बहुतेक वेळा काम करताना एखादा कपलर नीट बसलेला नसतो, आधी तो दाबून बघा.